निंब वाळला म्हणून लगेच वखारवाल्याला बोलावू नका

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून एका बाईंचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे. त्यातला गाभा असा:

"माझं वय 58. अंगणवाडी सेविका होते, आता घरीच असते. आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला निंब आहे. या भाद्रपदात त्याचे शेंडे तांबडे पडायला लागले आणि दिवाळीपर्यंत निम्मं झाड करपल्यासारखं झालं. पानं गळतही नाहीत, वाळून तशीच लटकतात. मग नीट बघितलं तर सगळीकडे तेच. शाळेपुढचा निंब, मरीआईच्या पारावरचा, बांधावरचे दोन. शेजारची म्हातारी रोज सकाळी वर बघते आणि विचारते, 'हाई काय व्हयनं वं माय?' मला सांगता येत नाही. तालुक्याला जायच्या रस्त्यावर चिंचेची मोठी झाडं होती, ती रुंदीकरणात गेली. उरलेल्या दोन-चारांच्या बुंध्याशी कुणीतरी आग लावतं, तीही वाळत चालली. व्हॉट्सॲपवर येतं की मोबाईल टॉवरमुळे झाडं मरतात. दीर म्हणतात झाड मेलंच आहे, वखारवाला बघून गेला, चार पैसे येतात तोवर देऊन टाकू. दोन वर्षांपूर्वी अंगणात काँक्रीट केलं तेही त्यांनीच. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, एका झाडासाठी काय रडतेस. मला रात्री झोप लागत नाही. झाडंच मरायला लागली तर नातवंडांचं काय होणार, हेच डोक्यात फिरतं. माझं डोकं फिरलंय का? आणि झाडाचं काय करू?"

ताई,

आधी झाडाचं बोलू, मग तुमचं.

उद्या ऊन वर आलं की घरातल्या एखाद्या पोराला शिडीवर चढवा आणि तीन काड्या काढून आणायला सांगा. एक अगदी शेंड्याची, एक मधल्या फांदीची, बोटाएवढी जाड, आणि एक खोडाजवळची. तिन्हींची साल नखाने नाहीतर विळ्याच्या टोकाने खरवडा. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लाकूड दिसलं आणि काडी वाकवताच कट्कन मोडली तर तेवढी मेली. माझा अंदाज असा की शेंड्याची काडी मेलेली निघेल, मधली अर्धी हिरवी अर्धी तपकिरी असेल आणि खोडाजवळची हिरवीगार. तसं निघालं तर तुमच्या दिरांनी मृत्यूचा दाखला जरा घाईने लिहिला आहे.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे पावसाळ्यात शेंड्यापासून सुरुवात, वरून खाली सरकणारा करपा, झाडावरच लटकणारी वाळकी पानं, ही सगळी निंबाच्या शेंडेमरीची आहेत. कृषीवाले तिला डायबॅक म्हणतात. फोमॉप्सिस ॲझाडिरॅक्टी नावाची एक बुरशी आहे, ती हे करते. तिच्या जोडीला बऱ्याचदा एक रस शोषणारा किडा असतो. कोकणात काजूच्या मोहोरावर जो ढेकण्या पडतो, तोच. तो कोवळ्या डिरीला सोंड खुपसतो, तिथे काळपट डाग पडतो आणि त्या जखमेतून बुरशीला आत शिरायला वाट मिळते. पावसाळी दमट हवेत ती फोफावते, श्रावण-भाद्रपदात डोळ्यांना दिसायला लागते आणि कार्तिकापर्यंत झाड बघवत नाही असं होतं. दक्षिणेत, कर्नाटकाकडे, हा रोग 1990 च्या दशकापासून ओळखीचा आहे. 2021 च्या पावसाळ्यानंतर तेलंगणात गावंच्या गावं निंब असे करपले, तेव्हा तिथेही लोक हेच म्हणत होते की आता निंब संपला. त्यातले बरेच निंब पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फुटले.

टॉवरचं म्हणाल तर एक साधी पारख आहे आणि ती कुठल्याही झाडाला लावता येते. तुमच्या बांधावर निंबाशेजारी बाभूळ असेल, बोर असेल, एखादं चिंचेचं झाड असेल. ती हिरवी आहेत आणि निंब तेवढे करपले, असं असेल तर दुखणं निंबाचं आहे. टॉवर काही निंब निवडून मारणार नाही. उलट एकाच जागेवरची सगळ्या जातींची झाडं वाळत असतील, तर मात्र दोष त्या जागेचा: पाणी उतरलं, माती दाबली गेली, गटार मुरलं किंवा कुणी काहीतरी ओतलं. एकच जात गावभर आजारी असेल तर रोग किंवा कीड, आणि एकाच ठिकाणी सगळ्या जाती आजारी असतील तर माणसाची करणी. या पारखीला अपवाद निघतात, पण व्हॉट्सॲपपेक्षा ती पुष्कळ बरी. आपल्याकडे सागाचंही असंच होतं. सातपुड्यात पावसाळा सरता सरता सागाची पानं किडे खाऊन जाळीदार करून टाकतात, डोंगर लांबून तांबूस दिसतो, नवा माणूस घाबरतो. साग त्याने मरत नाही.

पण तुमच्या झाडाला दुसरंही एक दुखणं आहे आणि मला शेंड्यांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय: अंगणात काँक्रीट केलं.

झाडाची मुळं पाताळात जातात हे अर्धंच खरं. आधाराची, खोलवरचं पाणी शोधणारी मुळं जातात खाली. पण रोजचं पाणी आणि अन्न घेणारी केसासारखी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फुटांच्या थरातच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर चार इंच काँक्रीट पडलं की हवा बंद, पावसाचं पाणी गटारीत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती फरशी तव्यासारखी तापते ते वेगळंच. झाड लगेच मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षं साठवणीवर काढतं, आणि अशात शेंडेमर आली की तिच्याशी लढायला अंगात काही उरत नाही. भरल्या अंगाचा निंब चैत्रात फुटतो. तुमचा फुटेल की नाही, ते आता बुरशीपेक्षा त्या काँक्रीटवर ठरणार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, ते याचसाठी. दिल्लीतल्या झाडांना लवाद लागला. तुमच्या झाडासाठी तुम्ही आणि एक गवंडी पुरे.

खोडापासून चहूबाजूंनी निदान एक मीटर मोकळं करा. जमत असेल तर दोन. यंत्राचा ब्रेकर लावू नका, मुळं चिंध्या होतात. छन्नी-हातोड्याने, नाहीतर पहारेने तुकडे उचकटत काढायचे. खाली माती दगडासारखी घट्ट झालेली असेल. तिथे टिकाव मारायचा मोह होईल, तो आवरा. हाताच्या खुरप्याने वरची चार बोटं भुसभुशीत करा, जुनं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली पसरा आणि वर वाळक्या पानांचं नाहीतर उसाच्या पाचटाचं आच्छादन टाका. खत आणि पालापाचोळा खोडाला टेकवायचा नाही, वीतभर अंतर सोडायचं. खोडाला माती चढवली की साल कुजते. आळ्यात साबणाचं मोरीचं पाणी सोडायचं बंद. आता थंडीत पाणी बेतानेच, पण माघ लागला की दर पंधरा-वीस दिवसांनी एकदा भरपूर, सावकाश, बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली जिथे मोकळी जमीन असेल तिथे. मुळांची तोंडं तिथे आहेत.

वाळलेल्या फांद्या काढायच्या त्या काढा, पण हिशोबाने. जिथे हिरवा थर सुरू होतो त्याच्या वीतभर खाली, जोडाजवळ कापायचं. एका फांदीनंतर दुसरीला हत्यार लावण्याआधी पातं स्पिरिटने पुसायचं. कापलेल्या काड्या अंगणातून बाहेर नेऊन जाळायच्या, झाडाखाली ढीग ठेवायचा नाही. आणि "एकदाच छाटून टाकतो" म्हणणाऱ्या माणसाला फाटकातूनच परत पाठवा. आजारी झाडाचा सगळा डोलारा उतरवला की ते अन्न करणार कशाने?

औषध फवारू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तीस-चाळीस फुटी झाडावर, घराच्या दारात, पिण्याचं पाणी जवळ असताना बुरशीनाशक आणि कीटकनाशक उडवायच्या मी विरुद्ध आहे. निम्मं औषध तुमच्याच अंगावर आणि वाळत घातलेल्या पापडांवर पडेल. रोपवाटिकेतली किंवा डोक्याएवढी झाडं असतील तर गोष्ट वेगळी. त्यासाठी ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात वाळकी काडी घेऊन जा, औषध आणि मात्रा त्यांनाच सांगू द्या. हो, आणि या झाडाच्या निंबोळ्यांपासून रोपं करू नका. ही बुरशी बियांतून पुढे जाते.

निंबोळीवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय, झाडं मेल्याने पुढे काय होणार ही भीती वाटते. ती भीती आभाळाएवढी मोठी आणि धूसर असली की झोप उडते. तिला जरा जमिनीवर आणू.

शेंडेमरीत निंब मरत नसला तरी मोहोर जळतो, फळ धरत नाही. आषाढात निंबोळ्या वेचून विकणाऱ्या बायका तुमच्या गावात असतील, त्यांचा हंगाम बुडतो. पाच किलो निंबोळीचा शंभर लिटर पाण्यात अर्क करून कपाशीवर, भाजीपाल्यावर मारणारा शेतकरी पुन्हा दुकानातल्या बाटलीकडे वळतो. देशात 2015 पासून सगळा युरिया निंबाचं तेल लावूनच विकायचा असा नियम आहे, ते तेलही निंबोळीचंच. बुलबुल, साळुंक्या, कोकीळ हे ज्येष्ठ-आषाढात याच फळांवर असतात, आणि बांधावर न लावता उगवलेले निंब त्यांनीच पेरलेले असतात. म्हणजे एका बुरशीने बायकांची मजुरी, कपाशीचा खर्च आणि पुढच्या पिढीचे निंब, तिन्हींना हात घातला. हा परिणाम मोजता येतो आणि त्यावर काही करताही येतं.

झाड मेल्याने माणसाला काय होतं, असं तुमच्या मुलाला वाटत असेल तर त्याला अमेरिकेतली हकिगत सांगा. तिथे ॲश नावाचं झाड रस्तोरस्ती लावलेलं असतं. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला, त्याने कोट्यवधी ॲश मारले. मोहल्लेच्या मोहल्ले दोन-चार वर्षांत उघडे पडले. 2013 मध्ये एका अभ्यासात 15 राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तर भुंगेरा पोचलेल्या भागांत हृदयविकार आणि श्वसनाच्या आजारांनी मिळून 21,000 हून जास्त मृत्यू अधिकचे निघाले. उत्पन्न, शिक्षण वगैरेचा फरक वजा करूनही. नेमकं कशामुळे, सावली गेल्याने की हवा बिघडल्याने की लोक घराबाहेर पडेनासे झाल्याने, ते त्या आकड्यांतून ठरत नाही. पण संबंध दिसतो. तेव्हा "एका झाडासाठी काय रडतेस" याला तुमच्याकडे उत्तर आहे. आणि ज्या मुलुखात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो, तिथे तर हे उत्तर सावलीत उभं राहूनही कळतं.

आपल्या खानदेशातलंही एक सांगते. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. 1884 नंतर ते कुणालाच मिळालं नव्हतं, जगातून गेलं असंच धरून चालले होते. 113 वर्षांनी, नोव्हेंबर 1997 मध्ये, ते परत दिसलं शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. दिवसाढवळ्या, पानगळ झालेल्या झाडावर बसलेलं. हा पक्षी अंडी घालतो जुन्या झाडाच्या ढोलीत, आणि ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. जंगलात रोपं कितीही लावली तरी त्याला पुढची कित्येक वर्षं घर मिळत नाही. म्हणून मला वृक्षलागवडीच्या आकड्यांचं फारसं कौतुक नाही. 2019 मध्ये राज्याने 33 कोटींचं उद्दिष्ट धरलं होतं, आठवत असेल. खड्डे मोजायला सोपे असतात. उभं असलेलं जुनं झाड वाचवल्याचा फोटो निघत नाही, एवढीच त्यातली अडचण.

डोंगरावरचं झाड आणि सपाटीवरची विहीर यांचंही नातं तसंच. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक पट्टा आहे, डोंगरावरून आलेलं पाणी तिथे मुरतं आणि खाली तापीकाठच्या विहिरींना मिळतं. वरचं अंजन, सालई, धावड्याचं रान विरळ झालं की पाऊस थांबत नाही, मातीसकट नाल्यांनी निघून जातो. खाली केळी आहे आणि केळीला पाणी बारा महिने हवं. रावेर-यावल तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेले ते उगाच नाही. दोष एकट्या केळीवाल्याचाही नाही आणि एकट्या कुऱ्हाडवाल्याचाही नाही. पण प्रत्येक जण आपली बाजू सोडून हवामानबदलावर ढकलतो, हे मात्र मला खटकतं. हवामान बदलतंय हे खरंच आहे. अंगणात काँक्रीट मात्र त्याने ओतलं नाही.

आता रस्त्यावरच्या चिंचा. त्यांचं नाव निंबाबरोबर घेऊ नका. निंब आजारी आहेत. चिंचा मारल्या जात आहेत. बुंध्याशी गवत नाहीतर पऱ्हाट्या जाळल्या की साल आतून शिजते. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं, ती वाट तुटते. झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी वाळतं, आणि तोवर कुणी पेटवलं ते विसरलेलं असतं. मग "वाळलेलं धोकादायक झाड" म्हणून ते रीतसर तोडता येतं. काही ठिकाणी सालीचं कडं काढतात, काही ठिकाणी गिरमिटाने भोक पाडून तेजाब ओततात. एक संध्याकाळ वेळ काढा, कुणाला तरी बरोबर घ्या आणि उरलेल्या चिंचांच्या बुंध्याभोवती फिरून या. काळी पडलेली, ठोकल्यावर पोकळ वाजणारी साल, गोल कापलेला पट्टा, भोकं, जे दिसेल त्याचे तारखेसह फोटो काढा. एक सांगते, वाळवीचा मातीचा थर दिसला तर लगेच वाळवीला दोष देऊ नका. ती बहुतेक वेळा मेलेली साल खायला आलेली असते.

फोटो घेऊन एकटीने तहसीलवर जाऊ नका. आधी ग्रामसभेत विषय मांडा. रस्त्याकडेची झाडं सार्वजनिक बांधकाम खात्याची किंवा जिल्हा परिषदेची असतात, त्यांना अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह गेला तर त्याची पोच मिळते. राज्यात झाडं तोडण्याच्या नियमनाचा 1964 चा कायदा आहे, त्याच्या यादीत चिंच, आंबा, मोह, जांभूळ, साग, अंजन ही झाडं आहेत. खाजगी जमिनीतलंही यादीतलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावात जैवविविधता समिती आणि नोंदवही असायला हवी. तुमच्या गावात ती कपाटात असेल. बाहेर काढायला लावा आणि ही सगळी जुनी झाडं त्यात जागेसह लिहून घ्या. नोंद असलेलं झाड गुपचूप मारणं थोडं अवघड जातं. आग कोण लावतं ते गावाला माहीत असतं. त्याचं नाव चव्हाट्यावर न घेता बांध पेटवायच्या हंगामाआधी दवंडी द्या आणि दोन्हीकडचं गवत मजुरांकडून कापून घ्या. अर्धा प्रश्न गवताचाच असतो.

गाव असं ऐकतं का? साक्री तालुक्यातलं बारीपाडा ऐकलं. तिथे लोकांनी आपल्याभोवतीचं उजाड झालेलं रान राखायचं ठरवलं, तोडीवर बंदी आणि दंड गावानेच लावला, राखणही गावानेच केली. आज चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे आणि विहिरींना पाणी आहे. त्या कामात पुढे असलेले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. दरवर्षी तिथे बायकांची रानभाज्यांची स्पर्धा होते. मुलगा पुढच्या खेपेला घरी येईल तेव्हा त्याला घेऊन एकदा जाऊन या. वर्तमानपत्रात वाचून पटत नाही ते तिथे पाहून पटेल.

आता तुमचं. डोकं फिरलेलं नाही. सासऱ्यांनी लावलेलं, रोज ज्याखालून केर काढला ते झाड डोळ्यांपुढे करपतंय आणि घरातलं कुणी त्याला दुःख म्हणायला तयार नाही, यात माणूस रडणारच. मुलाला निबंध ऐकवू नका, काम द्या. पुण्यात बसून तो जैवविविधता नोंदवहीची माहिती माहितीच्या अधिकारात मागू शकतो, ग्रामसभेसाठी अर्ज टाईप करू शकतो. काम केलं की तो "काय रडतेस" म्हणणार नाही, असा माझा तरी अनुभव आहे. पण झोप न लागणं किती दिवसांचं आहे हे तुम्ही लिहिलं नाही. दोन-तीन आठवडे सलग असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते झाडाच्या नावावर टाकू नका. तालुक्याच्या रुग्णालयात दाखवा, किंवा 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. झाडावर बोलायला नको वाटलं तर नुसतं झोपेवर बोला.

राहिले भाऊजी. त्यांच्याशी सासऱ्यांच्या आठवणींवरून भांडू नका. तेही त्यांचेच वडील होते, आणि ते भांडण तुम्ही जिंकलात तरी काँक्रीट तसंच राहील. त्यांच्याकडे मुदत मागा, आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंतची. निंब फुटायचा असेल तर चैत्रात फुटतोच, त्यामुळे आखाजीला दोघांनाही उघड्या डोळ्यांनी दिसेल. माहेरवाशिणी आल्या की झोका मात्र यंदा त्या झाडाला बांधू देऊ नका, वरून हिरवी दिसणारी फांदीही आतून सुकलेली असू शकते. घराच्या कौलांवर किंवा विजेच्या तारेवर झुकलेली मेलेली फांदी असेल तर ती आत्ताच, माणूस बोलावून, दोरीने बांधून उतरवा. त्यात भाऊजींचं म्हणणं बरोबर आहे आणि ते त्यांना तसं सांगा. आखाजीपर्यंत एकही फांदी फुटली नाही आणि खोडाजवळची सालही तपकिरी निघाली, तर झाड गेलं. मग विकायला हरकत घेऊ नका. फक्त तोडायच्या आधी परवानगी आणि वाहतुकीचा पास काय लागतो ते वनपालांना विचारून घ्या, वखारवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आणि भाऊजी म्हणालेच की तोवर भाव पडेल, तर त्यांना विचारा, वखारवाल्याने निंबाचा भाव लाकडाचा सांगितला की जळणाचा. वाळकं म्हणून त्याने जळणाचाच सांगितला असणार. तो वैशाखातही तेवढाच मिळेल.